विझवण

आमच्या काकांना कारखान्यात सगळे 'जीभ' म्हणत. "जिभेला बोलवा" असा पुकारा झाला की काका हातातलं काम टाकून गोदामाच्या दाराशी जायचे. तिथे ट्रकमधून उतरलेली पोती रांगेत उभी असायची. काका एकेका पोत्यात कोपरापर्यंत हात घालून अगदी तळातला तुकडा वर काढायचे, कारण वरचा माल नेहमी चांगलाच असतो, माणसांसारखा. तुकडा नखाने सोलायचा, हुंगायचा, दाढेखाली धरायचा आणि डोळे मिटून उभं राहायचं. मग बाजूच्या बादलीत थुंकायचं, चूळ भरायची आणि एका शब्दात निकाल द्यायचा. "घ्या", नाहीतर "परत".

कारखाना काढे आणि चूर्णं करायचा. मुळं, साली, बिया, पाला असला माल लांबलांबून यायचा. प्रयोगशाळाही होती, पण तिथल्या नळ्यांचा निकाल यायला दुसरा दिवस उजाडायचा आणि ट्रकवाल्यांना तेवढा दम नसायचा. म्हणून पहिली परीक्षा जिभेची आणि शेवटची नळ्यांची, अशी वाटणी होती.

मी काकांची पुतणी. आमचं घर लहान आणि भावंडं उदंड, म्हणून मला शाळेसाठी काका-काकूंकडे ठेवलं, ती मी तिथलीच झाले. घड्याळदुरुस्तीच्या दुकानावर त्यांच्या दोन खोल्या होत्या. खिडकीशी काकूचं शिवणयंत्र. लोकांच्या पँटी आखूड करणं, चेन बदलणं, फाटके खिसे नव्याने लावणं, हे तिचं काम. त्यांना मूल नव्हतं. त्यामुळे दोघांचे लाड मला एकटीला मिळाले आणि मी ते पोटभर करून घेतले. त्याची मला लाज वाटत नाही. काका जाऊन आता बराच काळ झाला. काकू आहे. हे सगळं मी तिला विचारून लिहिते आहे. का विचारलं, ते पुढे कळेलच.

चाखणाऱ्यांचे काही नियम असत. काकांना ते शिकवले वस्तादांनी. वस्ताद म्हणजे त्यांच्या आधीची जीभ. तंबाखू नाही, विडी नाही, कामाआधी गरम चहा नाही, तिखटाला तर लांबूनच नमस्कार. आणि सगळ्यात मोठा नियम म्हणजे चाखायचं, गिळायचं नाही. वस्ताद म्हणायचे, "पोटाला कळायच्या आत बादलीला कळलं पाहिजे."

आणखी एक नियम होता, तो एकाच पोत्यासाठी. एक वेल यायची, वाळलेली, बोटाएवढ्या जाडीची, सुतळीसारखी वेटोळी बांधलेली. तापावरच्या काढ्यात ती पडायची, म्हणून कामगार तिला 'विझवण' म्हणत. तिचं खरं नाव मी सांगणार नाही. सांगितलं की उद्या कुणीतरी ती उकळून पीत बसेल, आणि माणसं कशी असतात ते मला ठाऊक आहे. तर जुन्या लोकांची अशी समजूत होती की ही वेल ताप विझवते तशीच पुरुषाची धगही विझवते. ज्याच्या पोटात ती रोज जाईल त्याला पोर होणार नाही. म्हणून विझवणीचं पोतं चाखायचं ते ज्याचा संसार पुरा झालाय त्यानेच. नव्या लग्नाच्या माणसाने त्या पोत्याकडे पाहिलं तरी टिंगल व्हायची. "अरे लांब हो, घरी बायको वाट बघतेय." काकांचं लग्न झालं तेव्हा वस्तादांनी स्वतः त्यांचा हात धरून त्यांना त्या पोत्यापासून बाजूला केलं होतं, आणि सगळं गोदाम हसलं होतं.

यापुढचं मला फार उशिरा कळलं. पण कोडी घालायची मला हौस नाही, म्हणून आधीच सांगून टाकते.

लग्नानंतर काकूला दिवस गेले. पूर्ण दिवस भरले. बाळंतपण अडलं, मुलगी जन्मली ती न रडताच, आणि काकू कितीतरी दिवस दवाखान्यात पडून राहिली. एका दुपारी डॉक्टरांनी काकांना बाहेर बोलावलं. फिनेलचा वास येणाऱ्या त्या लांबलचक व्हरांड्यात उभं राहून त्यांनी सांगितलं की बाईंचं हृदय फार कमजोर झालंय, पुन्हा दिवस गेले तर त्या वाचतीलच असं नाही. आणि वर म्हणाले, "एवढ्यात त्यांना काही सांगू नका. आधीच खचल्यात." काकांनी मान हलवली. आत आले तेव्हा काकू जागी झाली होती. त्यांना बघून ती पहिलं वाक्य बोलली ते असं, "पुढच्या वेळी नीट होईल हं सगळं."

त्या वाक्यापुढे काकांचं तोंड उघडलं नाही. आज नको, उद्या सांगू, जरा बरी होऊ दे मग सांगू, असं करत ते राहून गेलं. घरी आल्यावर काकूने बाळासाठी शिवलेली झबली धुऊन, इस्त्री करून पुन्हा पेटीत ठेवली. पुढच्या वेळेसाठी.

काका कामावर रुजू झाले त्या दिवशी विझवणीचं पोतं आलं होतं. ते वस्तादांना म्हणाले, "हे मी चाखतो." कुणी हसलं नाही. मूल गेलेल्या बापाने संसाराची आशाच सोडली, असं सगळ्यांना वाटलं. वस्तादांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि ते बाजूला झाले. काकांनी तुकडा दाढेखाली धरला, "घ्या" म्हणाले, आणि बादलीकडे वळून नुसतंच थुंकल्यासारखं केलं. त्या दिवसापासून ते रोज सकाळी त्या ढिगातला एक तुकडा चघळून गिळायला लागले.

तुम्ही म्हणाल, दुसरे मार्ग नव्हते का? होते. ऑपरेशन होतं. पण त्यासाठी दवाखान्यात नाव, घरी विश्रांती आणि माझ्या आजीचा आरडाओरडा, म्हणजे सगळी आळी गोळा. दुकानात मिळणारी साधनं काकूने खिडकीतून खाली घड्याळजीच्या डोक्यावर टाकली असती, कारण तिला मूल हवं होतं. आणि सरळ सांगणं हाही एक मार्ग होता. तो काकांना दिसला नाही, किंवा दिसला आणि त्यांनी डोळे मिटले. डोळे मिटून निकाल द्यायची त्यांना सवयच होती.

काकूला पुन्हा दिवस गेले नाहीत. मग सुरू झालं बायकांच्या वाट्याला येतं ते सगळं. आजी यायची आणि दारातच म्हणायची, "झाड हिरवंगार, फळाचा पत्ता नाही." शेजारणी बाळाला तिच्या मांडीवर द्यायला कचरायच्या. काकू कुणी सांगेल ते औषध घ्यायची. कारखान्यातच बायकांसाठी एक काढा बनायचा, बाटलीवर पाळण्याचं चित्र असायचं. तो काका तिला आणून द्यायचे. तिने मागितला आणि नाही म्हणायला त्यांना कारण सापडलं नाही. सकाळी काकू मोरीशी उभी राहून नाक दाबून तो काढा प्यायची आणि काकांकडे बघून म्हणायची, "तुमच्या कारखान्याला काही गोड बनवता येत नाही का हो?" काका हसायचे आणि विझवण गिळायला कामावर जायचे. मी त्या वेळी शेजारी बसून दप्तर भरत असायचे. मला वाटायचं, किती छान चाललंय यांचं.

त्यांच्या तोंडाला सतत एक कडवट वास यायचा. काकू म्हणायची, "तुम्ही घरात आलात की पोतं आल्यासारखं वाटतं." तिला तो कामाचा वास वाटायचा. सगळ्यांनाच वाटायचा.

पण जीभ कुणाची गुलाम नसते. रोजच्या त्या कडूने हळूहळू काकांची जीभ मरत गेली. घरी जेवताना ते मीठ वाढून घ्यायला लागले. काकू चिडायची, "माझ्या हाताला चव राहिली नाही म्हणा की सरळ." आणि मग एकदा कारखान्यात एक पोतं आलं, चांगल्या मुळांत दुसरीच कडू मुळं मिसळलेलं. काकांनी चाखलं आणि "घ्या" म्हणाले. नेमकी त्याच दिवशी घाई होती, प्रयोगशाळेचा निकाल यायच्या आत माल भट्टीवर चढला. सगळी भट्टी ओतून द्यावी लागली. मालकाने आरडाओरडा केला नाही. जुना माणूस म्हणून कामावरून काढलंही नाही. फक्त दुसऱ्या दिवसापासून त्यांना बाटल्यांना लेबलं लावायच्या टेबलावर बसवलं. लोक 'जीभ' म्हणतच राहिले, पण आता म्हणताना हसायचे.

त्या दिवशी काका घरी येऊन पलंगावर भिंतीकडे तोंड करून पडले. काकू त्यांच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाली, "जीभच ती, म्हातारी व्हायचीच." तोवर तिचं मूल होण्याचं वय सरलं होतं. विझवणीची गरजही सरली होती.

पुढे काका निवृत्त झाले आणि मी नोकरीला लागले. एके दिवशी कारखान्यातून निरोप आला. विद्यापीठातल्या एक संशोधक बाई पुरुषांसाठी गर्भनिरोधक औषध शोधत होत्या. बायकांसाठी इतक्या गोळ्या आहेत, पुरुषांसाठी जवळजवळ काहीच नाही, तर जुन्या औषधी वनस्पतींत काही सापडतं का, असं त्यांचं काम. विझवणीबद्दलची समजूत त्यांच्या कानावर गेली होती. जुन्या चाखणाऱ्यांपैकी कोण हयात आहे, असं त्या विचारत होत्या. काका म्हणाले, "चल माझ्याबरोबर. मला एका कानाने कमी ऐकू येतं."

बाईंच्या खोलीत एक फ्रिज घरघरत होता, मांडण्यांवर तपकिरी बाटल्या होत्या, टेबलावर एका ताटलीत विझवणीचे तुकडे होते. काकांनी ते लगेच ओळखले आणि नजर वळवली. बाईंनी आम्हाला समजेल असं सांगितलं. विझवणीचा अर्क नर उंदरांना दिला. काहींना पिल्लं झाली नाहीत, काहींना झाली. अर्क बंद केल्यावर बहुतेकांना पुन्हा व्हायला लागली. "पण उंदीर म्हणजे माणूस नव्हे," त्या म्हणाल्या. "अजून आम्हाला फार थोडं कळलंय. म्हणून विचारते. तुम्ही लोक थुंकत होतात. कुणी कधी गिळलं होतं का?"

काका म्हणाले, "मी."

मी हसले. मला वाटलं, थट्टा करतायत. मग ते सांगायला लागले, आणि व्हरांड्यातल्या डॉक्टरपासून लेबलांच्या टेबलापर्यंत सगळं सांगून मोकळे झाले. सांगताना ते माझ्याकडे एकदाही बघत नव्हते. बाईंनी मध्येच पेन खाली ठेवलं होतं.

"तुमच्या पत्नीला हे माहीत आहे?"

"नाही."

"मग मला हे वापरता येणार नाही," बाई म्हणाल्या. आवाजात राग नव्हता. "ही गोष्ट तुमच्या एकट्याची नाही."

जिना उतरताना मला काकांचा इतका राग आला की मी त्यांचा हातही धरला नाही. आजीचे टोमणे आठवले. नाक दाबून काढा पिणारी काकू आठवली. आणि तरी ती जिवंत आहे, रोज संध्याकाळी माझी वाट बघते आहे, हेही आठवलं. रागाला धड एक तोंड मिळेना.

"आता सांगून काय होणार?" काका म्हणाले. "म्हातारी झाली ती."

"तुम्ही सांगा, नाहीतर मी सांगते."

"ती सोडून जाईल मला."

"या वयात कुठे जाणार आहे?"

"घरात राहूनही सोडून जाता येतं," ते म्हणाले. शेवटच्या पायरीवर म्हणाले, "मीच सांगतो."

काकू कुणाच्यातरी पँटला टीप मारत होती. काका दाराशी उभे राहिले आणि उभ्याउभ्याच सगळं बोलले. यंत्र थांबलं नाही. टीप शेवटापर्यंत गेली, काकूने दोरा तोडला, पँट घडी करून बाजूला ठेवली.

"डॉक्टर कधी म्हणाले?"

"दवाखान्यातच. तू झोपली होतीस."

"आणि मी ती पाळण्याची बाटली प्यायचे तेव्हा?"

"मीच आणून द्यायचो."

"हो. तुम्हीच आणून द्यायचात," काकू म्हणाली.

त्यानंतर ती काकांशी बोलेनाशी झाली. स्वयंपाक करायची, ताट वाढायची, आणि माझ्याकडे बघून म्हणायची, "त्यांना म्हणावं, गरम आहे तोवर जेवा." दोन खोल्यांच्या घरात मी टपाल झाले. काका लहान मुलासारखे तिच्या मागे मागे फिरायचे, तिने खाली पाडलेली सुई शोधायचे, यंत्राला तेल घालायचे. ती उठून दुसऱ्या खोलीत जायची. पेटीतली झबली तिने बाहेर काढली, एकेक उलगडून पाहिली आणि परत ठेवली. मी जवळ गेले तर म्हणाली, "मेले असते मी, कबूल. पण मरायचं की नाही ते मला तर विचारायचं."

मग एका सकाळी साडी बदलून ती माझ्यासमोर उभी राहिली. "मला त्या बाईंकडे ने. त्यांनाही चला म्हणावं."

विद्यापीठात पोचल्यावर तिने काकांना हाताने खूण करून बाहेरच्या बाकावर बसवलं. लांबलचक व्हरांडा होता. आम्ही दोघीच आत गेलो. काकूने वेळ घालवला नाही.

"मला एकच सांगा. मूल झालं नाही ते यांच्यामुळे, की माझ्यामुळे?"

बाईंनी खुर्ची तिच्या जवळ ओढली. "मला माहीत नाही. आणि आता ते कुणालाच सांगता येणार नाही. त्या वेळी दोघांची तपासणी झाली असती तर कळलं असतं. एका माणसावरून काही सिद्ध होत नाही. कदाचित वेलीने काम केलं असेल. कदाचित त्या बाळंतपणानंतर तुम्हाला दिवस जाणं शक्यच नसेल."

"म्हणजे ते रोज गिळत होते ते कदाचित फुकटच?"

"कदाचित."

"आणि त्यांची जीभ गेली ती?"

काकू टेबलावरच्या ताटलीकडे बघत होती. मला वाटलं, आता रडेल. ती रडली नाही. फक्त तिचे खांदे एकदम खाली आले.

"लिहा तुम्ही," ती म्हणाली. "सगळं लिहा. औषध सापडलं तर चांगलंच आहे, बायकांच्या जिवाचा भार थोडा तरी हलका होईल. पण यात बायकोला विचारलं नव्हतं, तेही लिहा."

"लिहिते," बाई म्हणाल्या, आणि त्यांनी आमच्यासमोर लिहिलं.

मग काकूने ताटलीकडे बोट दाखवलं. "हीच का ती?"

"हो. चाखायची असेल तर चाखा. पण गिळू नका."

काकूने तुकडा घेतला, नखाने सोलला, हुंगला आणि दाढेखाली धरला. अगदी काका करायचे तसं. आणि तशीच उठून बाहेर निघाली. मी तिच्यामागे गेले. तिचा चेहरा वेडावाकडा झाला होता, डोळ्यांत पाणी उभं राहिलं होतं, पण ती न थांबता व्हरांड्यातून बाकापर्यंत गेली.

काकांनी मान वर केली. तिच्याकडे पाहताच त्यांना कळलं. ते धडपडत उठले आणि त्यांनी हाताची ओंजळ तिच्या तोंडापुढे धरली.

"थुंक," ते म्हणाले. "थुंक आधी. गिळू नकोस."

काकू त्यांच्याकडे बघत राहिली. मग तिच्या गळ्याची हालचाल मला दिसली. तिने गिळलं होतं. किती दिवसांनी ती त्यांच्याशी बोलली.

"एवढं कडू रोज गिळता आलं तुम्हाला. मला एकदा विचारता नाही आलं?"

काकांची ओंजळ तशीच पुढे राहिली.